शिवेवर बसलेले महाराज आणि ठकूबाईची टिपकी

सटवाजीबुवा महाराज त्या काळी शेलकुंडीत होते. डोंगराच्या पोटात वसलेलं गाव, खाली ओढा, ओढ्याकाठी मठ. मठ म्हणजे तरी काय, एक कौलारू पडवी, मोठं अंगण, अंगणाच्या पार टोकाला लिंबाचं झाड आणि झाडाखाली महाराजांची धुनी. अंगावर काळी घोंगडी घेऊन महाराज तिथं बसत. कुणी काही आणून ठेवलं तर समोर जो बसला असेल त्याला देऊन टाकत. बोलणं थोडं. पण जे बोलत ते माणसाला घरी जाईपर्यंत पुरत असे.

मठाच्या जत्रेला एक वेगळी रीत होती, अजूनही आहे. दुपारी महाराजांची पालखी निघायची, पण त्याच्या आधी सकाळी जनावरांचा अंगारा. कुणाचा बैल चारा तोंडात धरत नाही, कुणाची गाय गाभण राहत नाही, कुणाची म्हैस लाथा झाडते. सगळी जनावरं अंगणात येत. महाराज उठून एकेकाच्या कपाळाला धुनीतली राख लावत आणि पाठीवर हात फिरवत. जनावराचा धनी श्रीमंत की गरीब, हे त्यांनी कधी विचारलं नाही.

विचारायचं काम दुसरेच करत. मठाचा कारभार बापूसाहेब नावाच्या गृहस्थाकडे होता. महाराजांनी दिलेला नव्हे, त्यांनीच घेतलेला. फाटकावर ते खुर्ची टाकून बसायचे. कुणाला आत सोडायचं, कुणाला उन्हात उभं करायचं, कुणाचं जनावर पुढं घ्यायचं, सगळं त्यांच्या बोटावर. देवाच्या दारात माणसाला इतका रुबाब येतो कुठून, हे मला आजवर कळलेलं नाही.

गावाच्या खालच्या अंगाला ठकूबाई बुरूड राहायची. नवरा वारलेला, एकटी बाई. बांबू चिरून सुपं, टोपल्या आणि कोंबड्या झाकायची डालगी विणायची. गावातल्या झाडून सगळ्या कोंबड्या ठकूबाईच्या डालग्यांखाली झोपायच्या आणि तिची स्वतःची कोंबडी म्हणाल तर एकच. पांढऱ्यावर काळे ठिपके, म्हणून नाव टिपकी.

ठकूबाईची लेक मथुरा शेजारच्या गावात दिली होती. ती नुकतीच सासूपासून वेगळी निघाली होती. तिकडं अशी पद्धत की पोरगी वेगळी चूल मांडते तेव्हा आईनं कोंबडी आणि पिलं नेऊन तिच्या अंगणात सोडायची. त्याशिवाय संसार लागला असं बाया मानत नाहीत. मथुरेची सासू रोज उंबऱ्यात उभी राहून विचारायची, "काय गं, तुझ्या आईची कोंबडी वाट चुकली का?" पोरगी ऐकून घ्यायची. म्हणून ठकूबाईनं टिपकीला अंड्यांवर बसवलं होतं. पिलं निघाली की मायलेकरांना डालग्यात घालून लेकीकडं जायचं, एवढंच तिच्या मनात होतं.

आणि पिलं निघायचे दिवस जवळ आले तेव्हाच टिपकी आजारी पडली.

काय झालं ते कुणालाच कळेना. कोंबडीनं मान आखडून घेतली, पिसं फुलवली, डोळे अर्धे मिटले. दाणा नाही, पाणी नाही. ठकूबाईनं तिच्या गळ्याखालची पिशवी चाचपून पाहिली, काही अडकलेलं नव्हतं. पिसं फुंकून पाहिली, उवा नव्हत्या. चोच उघडून पाहिली, जीभ साफ. तिनं लसूण ठेचून तुपात गोळी करून घातली. हळदीचं पाणी कापसानं थेंब थेंब पाजलं. चुलीतली ऊन राख फडक्यात बांधून पोट शेकलं. रात्रंदिवस तिच्याजवळ बसून राहिली. बांबू तसाच पडून राहिला.

गाव येऊन बघून जायचं. एकजण म्हणाला नजर लागली, दुसरा म्हणाला उष्णता. तिसऱ्यानं तर सांगितलं, "आक्का, मरायच्या आत सुरी फिरव, नाहीतर तुझी कोंबडी बी गेली आणि कालवण बी गेलं." सल्ला द्यायला सगळे होते. मूठभर कण्या घेऊन आलेला मात्र एकही नव्हता.

जत्रेच्या दिवशी सकाळी टिपकी अंड्यांवरून उतरली आणि कोपऱ्यात जाऊन पडली. ठकूबाईनं अंड्यांना हात लावला. गार. तिनं लगेच शेजारच्या गजरामावशीला हाक मारली. गजरामावशी जाणती बाई. तिनं कोमट पाणी मागितलं आणि एकेक अंडं त्यात सोडलं. आत पिल्लू जिवंत असेल तर अशा वेळी अंडं पाण्यावर डुलतं, हे कोंबड्या पाळणाऱ्या बाईला सांगावं लागत नाही.

एकही अंडं हललं नाही.

"ठकू, गेली गं सगळी," गजरामावशी हळूच म्हणाली.

ठकूबाई रडली नाही. तिनं अंडी पुसली, टोपलीत कापूस घालून ठेवली, टिपकीला पदराखाली धरलं आणि थेट मठाची वाट धरली. गजरामावशी मागून ओरडली, "अगं, कुठं निघालीस?"

"महाराजांकडं. आज अंगारा हाय."

"कोंबडीला अंगारा?"

"का? ती जनावर न्हाय व्हय?"

फाटकावर बैलांची आणि गाईंची रांग लागली होती. शिंगांना गोंडे, पाठीवर झुली. ठकूबाई रांगेच्या शेवटी उभी राहिली. बापूसाहेबांनी तिला पाहिलं.

"काय गं ठकू, पदराखाली काय लपवलंस?"

"लपवलं न्हाय, बापूसाहेब. कोंबडी हाय. आजारी हाय. महाराजांनी एकदा हात लावला म्हंजे..."

बापूसाहेब इतक्या जोरात हसले की शेजारचा बैल दचकला. "ऐकलं का रे? कोंबडीला अंगारा पाहिजे! अगं, कोंबडीच्या आजाराला एकच औषध, फोडणी!"

सगळे हसले. तोंडात पान असलेले, नसलेले, सगळे. आणि हसणाऱ्यांतल्या प्रत्येकाच्या घरी जत्रेच्या दुसऱ्या दिवशी कोंबड्याच शिजायच्या, खुद्द बापूसाहेबांच्या घरी सगळ्यांत जास्त. खाताना कोंबडी चालते, मग दारात का चालत नाही, असं विचारणारा त्या गर्दीत एक तरी असायला हवा होता. नव्हता.

"तिला बी जीव हाय," ठकूबाई म्हणाली.

"जीव डासाला पण असतो. उद्या डास घेऊन येशील!" पुन्हा हशा. मग बापूसाहेबांनी वाकून पाहिलं आणि त्यांचा चेहरा बदलला. "अगं, ही तर मान टाकून बसलीय. मानमोडी आहे ही! जत्रेच्या दिवशी मठाच्या दारात रोगराई घेऊन आलीस? हिला आत्ताच्या आत्ता शिवेवर सोडा!"

शिवेवर सोडायची रीत अशी: गावात कोंबड्यांची मर सुरू व्हायच्या आधी, पहिली आजारी कोंबडी गावाच्या हद्दीवर नेऊन डालग्याखाली ठेवायची, हळदकुंकू वाहायचं आणि मागं न बघता परत यायचं. रोग तिच्यासोबत जातो म्हणे. कोंबडी तिथं उन्हानं मरो, कुत्र्यानं मरो, तिच्याकडं बघायचं नाही. बघणाऱ्याच्या घरी रोग येतो अशी भीती.

"बापूसाहेब, मानमोडी न्हाय ती. मानमोडीत मान वळती, जुलाब होत्यात. हिचं तसं काय बी न्हाय. हिचं काय झालंय ते कळंना म्हणून तर आले."

"मला शिकवतेस? आणि त्या टोपलीतली अंडी पण ठेव तिच्याजवळ. घरात नेऊ नकोस. जा!"

ठकूबाईनं आत पाहिलं. अंगण माणसांनी आणि जनावरांनी गच्च भरलेलं, महाराज लांब लिंबाखाली, दिसतही नव्हते. "एकदा महाराजांस्नी विचारा तरी," ती म्हणाली.

"महाराजांना असल्या गोष्टींसाठी वेळ नाही."

हे वाक्य मी जेव्हा जेव्हा ऐकतो तेव्हा तळपायाची आग मस्तकाला जाते. महाराजांना कशासाठी वेळ आहे नि कशासाठी नाही हे खुर्चीवर बसलेल्या माणसानं ठरवायचं! आणि कुणाच्या तोंडावर म्हणायचं, तर जिच्याकडं मागायला दुसरं दारच नाही तिच्या.

ठकूबाई शिवेवर गेली. तिथं एक शेंदूर लावलेला दगड आहे आणि एक बोडकी बाभळ. मठाच्या गड्यांनी एक फुटकं डालगं आणून टाकलं. ठकूबाईनंच कधीकाळी विणलेलं. कुणीतरी हळदकुंकू टाकलं आणि सगळे पाठ फिरवून गावाकडं निघाले. ठकूबाई निघाली नाही. तिनं डालगं उचलून बाजूला ठेवलं, टिपकीला मांडीवर घेतलं, टोपली पदरानं झाकली आणि तिथंच बसली.

एक गडी लांबून ओरडला, "आक्का, माघारी ये! बघायचं नसतं!"

"न्हाय येत जा. मला काय व्हायचं ऱ्हायलंय?"

इकडं मठात महाराज एका खिलार बैलाच्या कपाळाला राख लावत होते. हात मध्येच थांबला. त्यांनी विचारलं, "ठकू कुठं आहे?"

कुणी त्यांना काही सांगितलं नव्हतं. फाटकावरची गोष्ट फाटकावरच राहिली होती. सगळे एकमेकांकडं बघायला लागले. शेवटी बैलाचा धनी चाचरत म्हणाला, "ती... शिवेवर गेलीया, महाराज. कोंबडी घिऊन."

महाराजांनी हातातली राख बैलाला लावून पुरी केली, त्याच्या पाठीवरून हात फिरवला, घोंगडी सावरली आणि मागच्या कुंपणाच्या वाटेनं निघून गेले. पायांत काही नाही, डोक्यावर काही नाही.

ठकूबाईला सावली पडल्यासारखं वाटलं म्हणून तिनं वर पाहिलं. महाराज उभे!

"महाराज, लांब ऱ्हावा! इथं उतारा हाय, शिवू नगा!"

"कशाला लांब राहू? भिंत आहे का इथं?" असं म्हणत महाराज मातीत मांडी घालून बसले. "बघू तुझी पोर."

त्यांनी टिपकीच्या डोक्यावरून एक बोट फिरवलं. मंत्र नाही, फुंकर नाही. मग टोपलीकडं बघून म्हणाले, "ती दे इकडं."

"महाराज, ती मेल्यात. पाण्यात हलली न्हाईत."

"दे गं."

महाराजांनी सगळी अंडी मांडीत घेतली आणि वरून घोंगडी पांघरली. "तू तुझं काम कर ठकू. पाणी पाज तिला, रोज पाजतेस तसं. आम्ही आमचं करतो."

आणि शेलकुंडीचे सटवाजीबुवा महाराज, ज्यांच्या दर्शनाला आसपासची गावं लोटली होती, ते शिवेवरच्या बाभळीखाली अंडी उबवत बसले!

मठात पालखी सजली. ढोल सुरू झाले. महाराजांचं आसन रिकामं. बापूसाहेबांना कळलं तेव्हा त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. तालुक्याहून मोठी मोठी माणसं आली होती, त्यांना काय दाखवायचं? ते पालखी, भोई, छत्री, ढोलवाले सगळं घेऊन शिवेकडं धावले. मागून सगळी जत्रा. पण उताऱ्याच्या जागेपासून थोडं अलीकडं सगळे थबकले. पुढं पाय टाकायची कुणाची छाती होईना.

"महाराज!" बापूसाहेबांनी लांबूनच हात जोडले. "उठावं. पालखीची वेळ झाली. पाहुणे खोळंबलेत."

"आम्हाला उठता येत नाही, बापू. आम्ही उठलो की ही गार होतील."

"कोण?"

महाराजांनी घोंगडीची कड जराशी उचलून दाखवली. गर्दीतून "अरे देवा" असा आवाज उठला. बापूसाहेबांचा चेहरा लालबुंद झाला.

"महाराज, क्षमा असावी, पण ती अंडी मेलेली आहेत! गजरामावशीनं पाण्यात घालून पाहिलीत, सगळ्या आळीला माहीत आहे. मेलेल्या अंड्यांसाठी जत्रेची पालखी अडवायची? आणि तेही एका बुरडणीच्या आजारी कोंबडीपायी?"

आता महाराजांनी मान वर केली. लोक सांगतात, महाराजांना तेवढं चिडलेलं त्यांनी त्याआधी पाहिलं नव्हतं. आवाज चढला नाही, पण ढोलवाल्यांनी टिपऱ्या खाली ठेवल्या.

"बापू, गेल्या जत्रेत तुझ्या बैलाच्या पायात किडे पडले होते. आम्ही हातानं काढले. तेव्हा तू म्हणालास का, की महाराजांना वेळ नाही?"

महाराज थांबले नाहीत.

"बैल तुझा, म्हणून त्याला जीव. कोंबडी हिची, म्हणून तिला फोडणी. हे आम्ही कधी सांगितलं तुला? राख धुनीतली आहे, तुझ्या चुलीतली नाही. ती कुणाच्या कपाळाला लागावी हे तू कोण ठरवणारा? ही बाई दारात उभी होती आणि तू आम्हाला कळूसुद्धा दिलं नाहीस. आमच्या नावानं आमच्याच लेकराला हाकललंस!"

उन्हात सगळी जत्रा उभी होती. ठकूबाईच तेवढी खाली मान घालून टिपकीच्या चोचीत कापसानं पाणी सोडत होती. पाणी चोचीच्या कडेनं ओघळून जात होतं. तरी ती सोडत होती.

तेवढ्यात टक् असा आवाज झाला.

आधी कुणाला कळलं नाही. पुन्हा, टक् टक्. घोंगडीच्या आतून. महाराज अगदी स्थिर बसले होते. मग बारीकसा, सुईच्या टोकाएवढा आवाज आला: "चिव."

गजरामावशी गर्दी ढकलत पुढं आली. उतारा नाही, शीव नाही, तिनं काही पाहिलं नाही. महाराजांसमोर गुडघ्यावर बसली. महाराजांनी घोंगडी उघडली. एका अंड्याला भोक पडलं होतं आणि त्यातून पिवळी चोच बाहेर येत होती. दुसरं टिचलं. तिसरं महाराजांच्या मांडीवर दोन तुकडे होऊन पडलं आणि त्यातून ओलं, थरथरतं पिल्लू बाहेर लोळलं.

"आई गं! माझ्या या हातांनी पाण्यात घातली होती!" गजरामावशी रडायलाच लागली. "एक हललं न्हवतं हो, एक हललं न्हवतं!"

आणि ज्या टिपकीनं कित्येक दिवस मान उचलली नव्हती तिनं ती "चिव" ऐकून डोळा उघडला. घशातून घोगरा आवाज काढला, "क्लुक्." पिलांनी उत्तर दिलं. ती ठकूबाईच्या मांडीवरून उतरली, पडली, पुन्हा उठली आणि लटपटत महाराजांच्या मांडीशी जाऊन पंख पसरून बसली. पिलं एकेक करून तिच्या पोटाखाली शिरली. मग तिनं ठकूबाईच्या हातातल्या कापसालाच चोच मारली. पाणी पाहिजे होतं तिला!

तिला काय झालं होतं ते पुढं कुणालाही सांगता आलं नाही. मीही सांगत नाही. ज्याला कळलं होतं त्यानं तोंडातून एक अक्षर काढलं नाही.

ठकूबाई महाराजांच्या पायांवर पडायला गेली तर महाराज घाईनं म्हणाले, "अगं हळू! पिलं आहेत पायाशी." आणि मग दोघंही हसायला लागले, डोळ्यांतून पाणी गळत असताना.

आता बापूसाहेबांकडं बघा. ते तिथंच उभे होते. मागं जत्रा होती, तालुक्याची माणसं होती. पुढं शिवेची ती जागा, जिथं त्यांनीच त्या बाईला पाठवलं होतं. त्यांना पुढं यायलाही तोंड नव्हतं आणि मागं जायलाही. भोई कुजबुजले, "बापूसाहेब, पालखी माघारी न्यायची का?"

"रिकामी पालखी कशाला माघारी नेता?" महाराज म्हणाले. "आम्हाला चालता येतं. हिला येत नाही. आजारातून उठलीय, ओली बाळंतीण आहे. हिला न्या."

एकही भोई हलला नाही. सगळे बापूसाहेबांच्या तोंडाकडं बघत होते.

बापूसाहेबांनी पागोटं काढून काखेत धरलं. चपला काढल्या. शीव ओलांडून आले. टिपकीसमोर वाकले आणि पिलांसकट तिला ओंजळीत घ्यायला गेले, तर तिनं त्यांच्या हातावर सणसणीत चोच मारली! कुणी हसलं नाही. बापूसाहेबांनी हात मागं घेतला नाही. टोपली पुढं केली, एकेक पिल्लू हळूच उचलून आत ठेवलं, मग टिपकी आपण होऊन आत गेली. टोपली त्यांनी पालखीत ठेवली आणि पालखीच्या दांडीला स्वतःचा खांदा लावला.

ढोल वाजले. पालखी गावात शिरली, मठाकडं न वळता खाली बुरडाच्या घराकडं गेली. महाराज मागून चालत होते, शेजारी ठकूबाई. वाटेत लोक आधी गोंधळले आणि मग पालखीवर फुलं टाकायला लागले. कुणी हात जोडले, कुणी आपल्या अंगणातल्या कोंबड्यांकडं वळून पाहिलं.

त्या दिवसापासून मठाच्या फाटकावरची खुर्ची गेली. जत्रेच्या सकाळी अंगाऱ्याला आता कोंबड्या येतात, शेळ्या येतात, एकदा तर एक म्हातारी लंगडा पोपट घेऊन आली होती. आणि टिपकी पिलांसकट मथुरेच्या अंगणात गेली, खुद्द महाराजांच्या मांडीत निघालेली पिलं. सासूबाईंनी दाणे टाकायला स्वतः सूप आणलं म्हणतात.

पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी ठकूबाईच्या दारात पालखी टेकली तेव्हा बापूसाहेबांनी टोपली उतरवून ओसरीवर ठेवली. ठकूबाई त्यांना पाणी द्यायला आत वळली. परत येते तर बापूसाहेब तिच्या अंगणात, कोंबडीनं घाण केलेल्या त्या मातीत, कपाळ टेकवून आडवे पडलेले.

"अवं बापूसाहेब, उठा! काय करताय ह्ये?" ठकूबाई गडबडून गेली. "तिथं घाण हाय, मी झाडलं बी न्हाय आज!"

बापूसाहेब उठले नाहीत. "राहू दे, आक्का," ते मातीतूनच म्हणाले. "थोडा वेळ राहू दे."